तरवड, धायटी, कोरांटी, निर्गुडी, रुई: देशी रोपांचा संच

एका रोपवाटिकेचा हा 5 रोपांचा संच. निवड उत्तम आहे. तरवडीच्या फुलात मध नसतो आणि पराग परागकोशाच्या टोकावरच्या छिद्रातूनच बाहेर पडतो. काळा भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा पिवळी धूळ त्याच्या पोटावर उडते. मधासाठी धायटी हवीच. उन्हाळ्याच्या तोंडावर ती लाल फुलांनी भरते.

खोट पिशवीत आहे. तरवडीचं सोटमूळ 6 इंची पिशवीत तळाशी वेटोळं घेतं, नंतर खोल जातच नाही आणि मे महिन्यात झाड मान टाकतं. लावताना पिशवीचा तळ कापून वेटोळं छाटा. त्यापेक्षा बी रात्रभर गरम पाण्यात भिजवून थेट जागेवर पेरलेलं बरं.

जूनमध्ये दीड फुटी खड्डा, मुरमाड माती, दोन ओंजळी शेणखत. जास्त खताने पाला माजतो, फुलं घटतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला 10 लिटर पाणी पुरतं.

फवारणी नकोच: रुईवरच्या पट्टेरी अळ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या असतात. रुईचा चीक डोळ्यांना घातक, पण सोबतच्या पत्रकात त्याचा उल्लेखही नाही. तो हवाच होता.