रिमोटचं 'कोडिंग' म्हणून घेतलेले २,८०० रुपये

गेल्या महिन्यात आईला डोळे तपासायला नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. दुपारी दीडला बाहेर आलो. गाडीच्या रिमोटचं बटण दोनदा दाबलं, चारदा दाबलं, लॉक काही उघडेना. आईच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, तिला उन्हाकडे बघवत नव्हतं. पार्किंगवाल्याने मागच्या गल्लीतला चावीवाला सांगितला. आईला आतल्या बाकावर बसवून मी धावतच गेले.

"सेल बदलून द्या," एवढंच म्हणाले होते. तो चावी घेऊन पडद्यामागे गेला, पाच मिनिटांनी आला आणि म्हणाला, "ताई, सेल ठीक आहे. चिप उडालीये. कोडिंग करावं लागेल, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही. शोरूमला नवीन चावीचे बारा हजार घेतील, मी साडेतीनमध्ये करून देतो." आई तिकडे एकटी बसलेली. घासाघीस करून २,८०० वर आणलं. त्याने आरसीचा फोटो मागितला, "रेकॉर्डला लागतो" म्हणाला, तोही मी पाठवला. मग वीस मिनिटं चावी पडद्याआड होती. गाडी दवाखान्याच्या आवारात उभी आणि हा दुकानात बसून 'कोडिंग' करतोय, हे त्या घाईत माझ्या डोक्यातच आलं नाही.

चावी चालली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बटण दाबून धरावं लागायचं, तेही गाडीला अगदी चिकटून उभं राहिल्यावर.

माझा दादा सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. त्याने जेवणाच्या टेबलावर रिमोट उघडला. कव्हरच्या फटीवर स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे, एक कोपरा चेपलेला. आतल्या सेलवर ना कंपनीचं नाव, ना नंबर, फक्त अधिकचं चिन्ह. मल्टिमीटरवर २.६ व्होल्ट दिसले. मग एमजी रोडवरून त्याने चांगल्या कंपनीचा सीआर२०३२ आणला, साठ रुपयांना. मीटरवर ३.२. अधिकची बाजू आधी होती तशीच ठेवून बसवला, कव्हर टक्कन बंद केलं, आणि गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून उघडली.

सीआर२०३२ हे नाव म्हणजे त्या सेलचं मापच आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. प्रत्येक गाडीला हाच लागतो असं नाही, जुन्या सेलवरचा नंबर बघून घ्या. सेल काढला म्हणून रिमोटची गाडीशी असलेली ओळख सहसा पुसली जात नाही. आणि कोडिंग म्हणजे गाडीने ती चावी ओळखायला शिकणं. गाडीला हात न लावता ते कसं होईल? सर्व्हिस सेंटरच्या माणसाने हेच विचारलं, "मॅडम, त्याने गाडीला काही जोडलं होतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे पैसे गेले ते एका निकृष्ट सेलचे.

पण मला पैशांपेक्षा जास्त भीती वाटली ती त्या वीस मिनिटांची. चावी त्याच्याकडे, आरसीवर घरचा पत्ता. सेंटरमध्ये मशीन लावून बघितलं तर गाडीत दोनच चाव्या नोंदलेल्या निघाल्या. पण गाडी जिच्यावरून चावी ओळखते त्या आतल्या चिपची हुबेहूब नक्कल केली असेल तर ती या मोजणीत दिसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. स्टीअरिंगला वेगळं कुलूप बसवून घेतलं तेव्हा कुठे रात्री झोप लागायला लागली.

त्या दिवशी घाई करायचं कारणच नव्हतं, याचं जास्त वाईट वाटतं. रिमोटच्या आत सहसा लोखंडी चावी असते. छोटा खटका दाबला की ती निघते आणि दार उघडतं. बटणस्टार्ट असलेल्या बऱ्याच गाड्यांत सेल मेलेला असला तरी रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबला की गाडी सुरू होते, कारण आतल्या चिपला सेल लागतच नाही. कुठे टेकवायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. घरातल्या सगळ्यांना आजच एकदा करून दाखवा.

सेल घरीच बदलणार असाल तर जुना सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला आणि तो अडकला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. दादाने काढलेला सेल तिथेच चिकटपट्टीत गुंडाळला, घरात तीन वर्षांची भाची आहे.

मी दुकानात परत गेले. "बिल दाखवा," तो म्हणाला. बिल त्याने दिलंच नव्हतं, मी मागितलंही नव्हतं. पण पैसे फोनवरून दिले होते, त्यात दुकानाचं नाव आणि तारीख आहे. त्याचा स्क्रीनशॉट, बिननावाच्या सेलचा फोटो आणि आरसी पाठवल्याचा मेसेज एकत्र करून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. नोंदणी क्रमांक मिळाला. पैसे अजून आलेले नाहीत.