दारूवरचा कर: किमतीवर की मद्यार्कावर?

दोडामार्गच्या मावसभावाला काजूच्या बोंडांचं मद्य काढायचंय. कर किमतीवर असलेला बरा की मद्यार्कावर, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलच्या प्रमाणावर, हे त्याला ठरवता येत नाही. पिण्याच्या मद्याला जीएसटी नाही, उत्पादन शुल्क राज्याचं. महाराष्ट्रात दोन्ही रीती आहेत. २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क, उत्पादनखर्च लिटरमागे २६० रुपयांपर्यंत असेल तर, त्या खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. देशी दारूवर मात्र ते प्रूफ लिटरमागे, १८० वरून २०५ रुपये.

प्रूफ लिटर म्हणजे ५७.१ टक्के मद्यार्काचा एक लिटर. ४२.८ टक्क्यांच्या लिटरमध्ये तो पाऊणच भरतो.

छोट्या उत्पादकासाठी खरी मेख खर्चात आहे. बोंडं वेचायची, पिळायची, रस आंबवायचा, भट्टी सांभाळायची. सगळं हातचं काम. खर्चाच्या पटीतला कर या मजुरीलाही गुणतो. मद्यार्कावरचा कर मोठ्या कारखान्याला आणि त्याला सारखाच. माझ्या मते हाच न्याय्य.

आरोग्याचंही तेच. इजा मद्यार्काने होते, लेबलाने नव्हे. किमतीवरच्या करात स्वस्त पण कडक दारू सुटते. शिवाय खर्च कागदावर कमी दाखवता येतो, तीव्रता मोजता येते.

महागाईत मात्र किमतीवरचा कर आपोआप वाढतो. दुसरा सरकारने वेळोवेळी वाढवावा लागतो.

सीमेवरच्या बांद्यापलीकडे गोव्यात दारू स्वस्त आहे, तोवर चोरटी आवक दोन्ही रीतींत राहणार.

तिजोरीला स्थिर वाढ हवी तर किमतीवरचा कर. व्यसन आटोक्यात ठेवायचं, भावासारख्याला जगवायचं, तर मद्यार्कावरचा.