एसएचडीएसएल मोडेमची जोडी, चौदा महिन्यांनंतर (मार्जिन 11 वरून 3 वर का आला)

एसएचडीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवरून डेटा नेणारे मोडेम, दोन्ही टोकांना एकेक. खरं तर हा रिव्ह्यू नवव्या महिन्यातच लिहायला बसलो होतो आणि एकच स्टार देणार होतो. बरं झालं थांबलो.

आमचं ऑफिस एका टोकाला, गोडाऊन दुसऱ्या टोकाला, मध्ये 1.8 किलोमीटर जुनी टेलिफोन केबल, 0.5 मिमीची, इंटरकॉम बंद झाल्यापासून नुसती पडून. फायबर टाकायचा तर सगळं खणा, आणि जमिनीत चांगलं तांबं असताना तेवढा खर्च करायला माझं मन होईना. गोडाऊनचे तीन कॅमेरे ऑफिसात दिसायला हवे होते, म्हणजे डेटा मुख्यतः तिकडून इकडे. घरच्या ब्रॉडबँडवाल्या एडीएसएलची नेमकी तीच, म्हणजे अपलोडची बाजू लंगडी, एक एमबीपीएसच्या आसपास दम संपतो. व्हीडीएसएल, म्हणजे त्याच्याहून वेगवान प्रकारच्या एक्स्टेंडरच्या खोक्यावर मोठमोठे आकडे असतात पण ते काहीशे मीटरचे, एवढ्या अंतरावर त्यातलं फार काही उरत नाही.

म्हणून हे एसएचडीएसएलवाले घेतले. दोन्ही दिशांना सारखा स्पीड, तोही एकाच तारांच्या जोडीवर. दोन्ही मोडेम एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सी पट्ट्यात बोलतात आणि स्वतःचा सिग्नल वजा करून समोरचा ऐकतात, मला हे अजूनही भारी वाटतं. घेताना एकच बघा, 2001 च्या मूळ स्टँडर्डचा मोडेम जोडीवर 2.3 एमबीपीएसला थांबतो, 2003 च्या सुधारित स्टँडर्डचा, म्हणजे नावात 'बिस' असलेला, 5.7 पर्यंत जातो. आणि हा आवाजाचा पट्टाही वापरतो त्यामुळे त्याच तारेवर फोन चालत नाही. आम्ही 4096 केबीपीएसवर लॉक केला, मार्जिन, म्हणजे लिंक टिकायला लागतो त्याहून सिग्नल किती जास्त आहे तो आकडा, 11 डीबी, आठ महिने मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

मग पावसाळा लागला आणि लिंक पडायला लागली. आधी दिवसातून एकदा, मग चार-पाचदा. हा मोडेम पडला की लगेच उठत नाही, समोरच्या मोडेमशी पुन्हा जुळवून घ्यायला (ट्रेन व्हायला) मिनिटभर घेतो, डीएसएलचा दिवा लुकलुकत राहतो आणि तेवढं रेकॉर्डिंग गेलंच. मार्जिन बघितला तर 3. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे स्पीड 2 वर आणा. अहो, 2 वर आणला तर तीन कॅमेरे कसे बसणार? मोडेम परत पाठवला, तीन आठवड्यांनी 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून तसाच परत आला, कुरियरचे पैसे माझे. तेव्हा मी फार चिडलो होतो आणि ते अजून गेलेलं नाही, पण आता सांगायला हवं की मोडेममध्ये खरंच दोष नव्हता.

गोडाऊनच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या आणि ऑफिसातून मल्टीमीटर लावला. 0.5 मिमीच्या जोडीला किलोमीटरमागे साधारण 175 ओहम धरा, म्हणजे 315 च्या आसपास यायला हवे. आले 400 च्या वर, आणि आकडा एका जागी ठरेना. वाटेतला जॉइंट बॉक्स उघडला तर पिळून टेप गुंडाळलेले सांधे, टेप सोलल्यावर तांब्यावर हिरवट थर, नखाने खरवडला की भुकटी पडत होती. फोन चालू असलेल्या लाईनवर एक्सचेंजचा डीसी सतत असतो, तो सांध्यावरचा असा पातळ थर फोडत राहतो. आमची जोडी कोरडी, तिच्यात डीसीच नाही, म्हणून थर साचत गेला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. या मोडेममध्ये वेटिंग करंट (wetting, कोरडी जोडी 'ओली' करणारा) नावाची सेटिंग आहे, ऑफिसकडचा मोडेम लाईनवर काही मिलिअँपिअरचा डीसी सोडतो, नेमकं हेच काम करायला. फॅक्टरीतून ती बंद येते. मॅन्युअलमध्ये एक ओळ, सपोर्टवाल्याने तीन फोनमध्ये एकदाही नाव काढलं नाही! त्या दिवशी सांधे तसेच ठेवून मुद्दाम आधी फक्त ही सेटिंग चालू केली, दुसऱ्या दिवशी सकाळी मार्जिन 3 चा 7 झालेला. मग आठवड्याने सगळे सांधे कापून जेल भरलेल्या कनेक्टरने नव्याने केले, 11 वर आला. उरलेला पाऊस तसाच गेला, लिंक एकदाही पडली नाही.

बाकी वेब पेज जुनाट आहे, अडॅप्टर गरम होतो, चालतं. चार स्टार देतोय, एक कापला तो त्या बंद सेटिंगचा. तुमची जोडी कोरडी असेल तर बसवायच्या दिवशीच ती चालू करा आणि ओहमचा आकडा मोडेमच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा, माझ्या दोन्ही मोडेमवर आता 318 लिहिलेलं आहे.