शेळीचं रक्त, कोळंबीचं हेपॅटोपँक्रिया: अँटिऑक्सिडंट मोजायला कोणती पद्धत घ्यावी?

‘काजूबोंडाचा चोथा शेळ्यांना घालणार आहे. रक्तात अँटिऑक्सिडंट वाढतात का ते बघायचंय. डीपीपीएच लावू की फ्रॅप?’ पीजीची मुलं हा प्रश्न विचारतात तो बहुतेक वेळा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायच्या आदल्या आठवड्यात. डीपीपीएच आणि फ्रॅप या दोन्ही अँटिऑक्सिडंट क्षमता रंगावरून मोजायच्या पद्धती. डीपीपीएचच का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: शेजारच्या लॅबमध्ये कोकमाच्या अर्कावर तीच चालते आणि बाटली फोडलेलीच आहे. बाटली स्वस्त पडते हे खरं, पण रक्त म्हणजे आमसुलाचं पाणी नव्हे.

डीपीपीएचचा जांभळा रंग मिथेनॉलमध्ये तयार करतात आणि तो किती फिका पडला हे ५१७ नॅनोमीटरवर बघतात. त्यात प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी वगळून उरलेला द्रव) घातला की प्रथिनं साकळतात आणि नळी नासलेल्या दुधासारखी दिसते. सेंट्रिफ्यूज करून गाळ बाजूला काढला तर त्याबरोबर अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन जातं. प्लाझ्मातले बहुतेक थायॉल गट (गंधक असलेले, अँटिऑक्सिडंटचं काम करणारे) त्या अल्ब्युमिनवरच असतात, म्हणजे मोजायचा मालच गाळात गेला. बोंडाच्या चोथ्याला, कोकमाच्या सालीला ही पद्धत खुशाल वापरा. पण चोथ्याचा आकडा मोठा आला म्हणून शेळीच्या रक्ताचाही येईल असं धरू नका. मध्ये कोटीपोट (रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं पोट) आहे, आणि तिथले जंतू पॉलिफेनॉल (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) जसेच्या तसे पुढे जाऊ देत नाहीत.

प्लाझ्मासाठी खरी निवड फ्रॅप आणि एबीटीएस ही तिसरी रंगाची पद्धत, यांच्यात. फ्रॅप १९९६ साली बेंझी आणि स्ट्रेन यांनी मांडली. ३.६ पीएचला फेरिक लोहाचं फेरस होतं, निळा रंग येतो, ५९३ वर रीडिंग. अभिकर्मक स्वस्त, काम मिनिटांचं, साधा व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. खोड दोन ठिकाणी आहे. एक, ग्लुटाथायोन (पेशींतलं मुख्य थायॉल) आणि बाकीचे थायॉल यात जवळजवळ दिसतच नाहीत. दुसरं, युरिक आम्ल फार दिसतं. माणसाच्या प्लाझ्मात फ्रॅपचा निम्म्याहून जास्त आकडा एकट्या युरिक आम्लाचा असतो, कारण युरिकेज हे एंझाइम आपण गमावून बसलोय. शेळी-गाईकडे ते शाबूत आहे, त्यामुळे त्यांचा फ्रॅप मुळातच लहान येतो; माणसाच्या आकड्यांशी ताडून घाबरू नका. कोंबडीचं उलट. तिच्यात नत्राचा निचराच युरिक आम्लातून होतो. खाद्यातलं प्रथिन वाढवलं की फ्रॅप वर जाऊ शकतो आणि आपण ‘अँटिऑक्सिडंट वाढले’ म्हणून टाळ्या वाजवत बसतो. कोंबडीवर फ्रॅप लावायचाच असेल तर त्याच नमुन्यात युरिक आम्लही मोजा.

आणि नळी. एका वर्षी मी स्वतः चाळीस शेळ्यांचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत घेतलं होतं. जांभळं टोपण म्हणजे ईडीटीए (रक्त गोठू न देणारं द्रव्य), आणि ईडीटीए लोहालाच धरून ठेवतं. निळा रंग उगवेचना. दोन दिवस मी अभिकर्मकांना शिव्या घातल्या, मग टोपणाकडे लक्ष गेलं. फ्रॅपला हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी घ्या, नाहीतर सीरम.

एबीटीएसचं द्रावण आदल्या संध्याकाळी करून ठेवावं लागतं. पोटॅशियम परसल्फेट घालून १२ ते १६ तास अंधारात ठेवलं की हिरवट-निळा रंग बसतो. तेवढी शिस्त पाळली तर फायदा मोठा: पीएच ७.४ च्या बफरमध्ये चालते, प्रथिनं साकळत नाहीत, थायॉल मोजले जातात, आणि ७३४ नॅनोमीटरवर हिमोग्लोबिनचा किंवा गाईच्या प्लाझ्मातल्या पिवळ्या कॅरोटीनचा रंग फारसा आड येत नाही. एकूण क्षमतेचा एकच आकडा हवा असेल तर माझं मत एबीटीएसला.

ओरॅक ही आणखी एक पद्धत, तिच्यासाठी फ्लुओरेसन्स प्लेट रीडर लागतो. तो नसेल तर विषय संपला.

आता हे सगळे ‘एकूण क्षमते’चे आकडे. जनावराची खरी तटबंदी पेशीच्या आत आहे, एंझाइमांत आणि ग्लुटाथायोनमध्ये, आणि वेळ खर्च करायचाच तर तिथे करावा. एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एंझाइम) पायरोगॅलॉलने करता येते, ही मार्कलंडांची १९७४ ची पद्धत: ४२० नॅनोमीटर, व्हिजिबल मशीन चालतं. पायरोगॅलॉलचं ऑक्सिडीकरण निम्म्यावर आणणारं एंझाइम म्हणजे एक युनिट. एसओडी मोजायच्या एनबीटीच्या पद्धतीतलं युनिट वेगळं, सायटोक्रोम सीचं वेगळं, तेव्हा दुसऱ्याच्या पेपरमधल्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्याची पद्धत बघा. कॅटॅलेज हे दुसरं एंझाइम; त्याची एबी (Aebi) या संशोधकाची पद्धत अगदी सोपी, हायड्रोजन पेरॉक्साइड किती वेगाने संपतंय ते २४० वर बघायचं. पण २४० म्हणजे यूव्ही, आणि यूव्हीला क्वार्ट्झची क्युवेट (नमुना ठेवायची छोटी नळी). काचेची घातली तर मशीन काहीतरी आकडा दाखवेल, तो कॅटॅलेजचा नसेल. तिसरं एंझाइम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज; त्याला एनएडीपीएच हे अभिकर्मक लागतं, ते महाग. शिवाय हे एंझाइम सेलेनियमवर चालतं आणि तांबडी पेशी तयार होतानाच तिच्यात बसतं. म्हणून पंधरा दिवस आहार बदलून तांबड्या पेशींत फरक शोधू नका.

ही तिन्ही एंझाइमं प्लाझ्मात नव्हे, धुतलेल्या तांबड्या पेशींच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून मिळालेल्या द्रवात) मोजा आणि दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे लिहा. प्लाझ्मात मोजली आणि रक्त काढताना चार पेशी फुटल्या, तर वाढलेला आकडा तुमच्या सुईचा असतो, चोथ्याचा नव्हे.

ग्लुटाथायोन मोजायला एलमनचा डीटीएनबी हा अभिकर्मक: पिवळा रंग, ४१२, पद्धत १९५९ ची आणि अजून तिला तोड नाही. रक्तातलं जवळजवळ सगळं ग्लुटाथायोन तांबड्या पेशींत असतं, तेव्हा पूर्ण रक्त घ्या. मात्र ते मिनिटागणिक घटतं. गोठ्यावरच आम्लाने प्रथिनं पाडून नळी बर्फात गेली पाहिजे. ‘लॅबमध्ये जाऊन करू’ म्हणालात की संपलं.

कोळंबीचा मामला थोडा निराळा. तिचं हिमोलिंफ (रक्ताच्या जागी असणारा द्रव) गोठू नये म्हणून जे द्रावण वापरतात त्यात बऱ्याचदा ईडीटीए असतंच, म्हणजे फ्रॅप इथेही बाद. हिमोलिंफच्या मागे लागण्यापेक्षा हेपॅटोपँक्रिया (यकृत आणि स्वादुपिंड दोन्हींचं काम करणारा अवयव) घ्या: बर्फावर काढा, थंड सलाइनमध्ये धुवा, थंड फॉस्फेट बफरमध्ये होमोजिनाइझ करा आणि सगळे आकडे दर मिलिग्रॅम प्रथिनामागे द्या. प्रथिन मोजायला लोव्री किंवा ब्रॅडफर्डची पद्धत, पण संपूर्ण प्रयोगभर एकच. बर्फाची ददात रत्नागिरीत पडू नये, मिरकरवाड्याच्या बंदरावर तो मिळतो. अडचण येते ती पावसाळ्यात. वीज जाते, डीप फ्रीझरचं तापमान चढत राहतं आणि उणे ८० चा नमुना सकाळपर्यंत पाझरलेला असतो. जून ते सप्टेंबरमध्ये नमुने साठवायचा बेत असेल तर जनरेटरची चौकशी सिनॉप्सिसच्या आधी करा.

टीबीएची (थायोबार्बिट्युरिक आम्लाची) गुलाबी टेस्ट, ५३२ नॅनोमीटरची, अँटिऑक्सिडंट मोजत नाही. चरबीचं झालेलं नुकसान मोजते. शर्करा आणि बिलिरुबिनही तिला फसवतात, आणि नमुना उकळताना नवं ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून त्यात बीएचटी हे अँटिऑक्सिडंट घालावं लागतं. तरी ती घ्याच. एसओडी वाढलं याचा अर्थ जनावर सुदृढ झालं असाही होतो आणि ताणाखाली आहे असाही. सोबत टीबीएचा आकडा उतरला की चढला, त्यावरून हा निवाडा करता येतो.

शेळ्यांसाठी मी असं घेईन: हेपरिनच्या रक्तात ग्लुटाथायोन, त्यातल्या धुतलेल्या तांबड्या पेशींत एसओडी, प्लाझ्मात एबीटीएस आणि टीबीए. यूव्ही मशीन आणि क्वार्ट्झ असेल तर कॅटॅलेजही. कोळंबीला एसओडी, कॅटॅलेज, टीबीए, तिन्ही हेपॅटोपँक्रियात. शेळीचं यकृत हवंच असेल तर प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी, आणि तिला वेळ लागतो. डीपीपीएचची ती फोडलेली बाटली चोथ्यासाठी ठेवा. आणि पहिलं रक्त चोथा सुरू करण्याच्या आदल्या दिवशी काढा, त्याच शेळ्यांचं, सकाळी त्याच वेळेला. हे राहून गेलं आणि मग फोन आला, तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.