कित्येक महिने झाले, हेमिच काही डोक्यातून जात नाही

नवीन यंग अडल्ट कादंबरी हातात पडली की पहिले चार दिवस ती जगात भारीच वाटते. रात्र जागून संपवायची आणि सकाळी दिसेल त्याला 'आधी हे वाच' म्हणून मागे लागायचं, हा आपला सगळ्यांचा रोग. म्हणून सुझन कॉलिन्सच्या 'हंगर गेम्स' मालिकेतल्या, हेमिचची गोष्ट सांगणाऱ्या 'सनराइज ऑन द रीपिंग'बद्दल लगेच काही लिहायचं नाही असं ठरवलं. पुस्तक १८ मार्च २०२५ला आलं. तेव्हापासून ते वाचून झालं, ऐकून झालं, आवडती प्रकरणं पुन्हा पुन्हा उघडून झाली. सुरुवातीचा भर ओसरायची वाट पाहत होते, तो काही ओसरला नाही.

खरं तर यात शेवटाची उत्सुकता असायचं काही कारणच नाही. मूळ तीन पुस्तकं २००८ ते २०१० मध्ये आली. दरवर्षी चिठ्ठ्या काढून मुलं निवडायची, एकच उरेपर्यंत त्यांना एकमेकांशी लढवायचं आणि ते टीव्हीवर दाखवायचं, हा सत्ताधारी कॅपिटॉलचा खेळ म्हणजे हंगर गेम्स. त्या पुस्तकांत कॅटनिस आणि पीटाला या खेळासाठी तयार करणारा, दिवसरात्र दारूत बुडालेला हेमिच हा पन्नासाव्या हंगर गेम्सचा विजेता, हे कळतं. त्या वर्षी २४ ऐवजी ४८ मुलं मैदानात उतरवली होती, हेही कळतं. जिंकून आल्यावर त्याच्या माणसांचं काय झालं, तेसुद्धा. तरी सोळा वर्षांचा हेमिच स्वतःच्या तोंडून सांगू लागतो आणि आपण वेड्यासारखी आशा लावून बसतो.

कॉलिन्सबाईंनी खरी मेख वेगळ्याच ठिकाणी मारलीये. मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात, 'कॅचिंग फायर'मध्ये, कॅटनिस आणि पीटा हेमिचच्या त्या खेळाचं रेकॉर्डिंग बघतात. वाचक म्हणून आपणही ते निमूट खरं मानलेलं असतं. नव्या पुस्तकात कळतं की जे दाखवलं ते कापून, जोडून, सोयीचं करून. (पुढच्या परिच्छेदात सुरुवातीच्या प्रकरणांतलं थोडं फुटणार आहे. नको असेल त्यांनी तो सोडून द्या.)

हेमिचची चिठ्ठी मुळात निघतच नाही. ज्या मुलाची निघते तो पळू लागतो आणि गोळी लागून पडतो. गोंधळात हेमिच त्याच्या प्रेयसीला, लेनोर डव्हला, वाचवायला मध्ये पडतो, म्हणून त्यालाच उचलतात. इथवर भयंकर आहेच, पण पुढचं पान जास्त अंगावर येतं. चौक जरा नीटनेटका करतात, लोकांना पुन्हा उभं करतात आणि कॅमेऱ्यासाठी निवडीचा तो सगळा प्रकार परत करून घेतात, जणू हेमिचचंच नाव निघालं होतं. रक्त सांडलेल्या जागी रीटेक! पहिल्यांदा वाचताना मी हे भराभर पुढे गेले. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की अख्खी कादंबरी या प्रसंगात आधीच सांगून टाकलीये. पुस्तकाच्या सुरुवातीला डेव्हिड ह्यूमचं अवतरण का आहे, मूठभर लोक इतक्या सगळ्यांवर राज्य कसं करतात हा प्रश्न का आहे, तेही तिथेच उलगडतं.

आणि हेमिचबरोबर त्याच खेळात ढकललेली मेसिली डॉनर! आल्या आल्या नकोशी वाटणारी, श्रीमंत घरची, जिभेला हाड नसलेली पोरगी. कॅपिटॉलची बाई तिच्यावर हात उगारते, तेव्हा ही उलट तिच्या थोबाडीत लगावते. तिथून मी तिच्या पक्षात. नाजूकसाजूक न होता, तोंडाळच राहून ती हेमिचची बहीण होते, हे लिहायला फार मोठं कसब लागतं.

खटकलं तेही सांगते. जुन्या पुस्तकांतली ओळखीची माणसं जरा जास्तच डोकावतात. बीटी, मॅग्ज, वायरेस ठीक, पण एफी, प्लुटार्क, सगळेच? पॅनेम हा देश आहे की वाडा, असं वाटायला लागतं. दुसरं म्हणजे एडगर ॲलन पोच्या 'द रेव्हन' कवितेची कडवी. शेवटाकडे ती इतकी येतात की छापील पुस्तकात माझे डोळे सरळ पुढे सरकत होते. ऑडिओत मात्र (जेफरसन व्हाइटचं वाचन आहे, आणि ते सुरेख आहे) पळवाट नाही. तिथे कळलं की ही कविता हेमिचच्या डोक्यात घुसून बसलीये आणि त्यालाही ती थांबवता येत नाहीये. मूळ तक्रार निम्मी झाली, पूर्ण गेली नाही.

याच काळात होली जॅक्सनचं २०२४चं 'द रीअपिअरन्स ऑफ रेचल प्राइस' पण वाचलं. सोळा वर्षांपूर्वी गायब झालेली आई, तिच्यावरच्या डॉक्युमेंटरीचं शूटिंग चालू असताना, अचानक परत येते. वाचताना श्वास घ्यायला फुरसत नाही, पण गुपित फुटल्यावर पुन्हा उघडावंसं वाटलं नाही. रेबेका रॉसच्या 'डिव्हाइन रायव्हल्स'मधली कपाटाच्या दाराखालून जाणारी पत्रं अजून आवडतात. त्याचा दुसरा भाग मात्र रेंगाळतो.

मालिका वाचली नसेल तर सुरुवात 'सनराइज'पासून करू नका. आधी मूळ तिन्ही, आणि जमलं तर पॅनेमचा अध्यक्ष स्नो याच्या तरुणपणावरचं २०२०चं पुस्तकही, कारण लेनोर डव्हच्या कव्ही लोकांची, म्हणजे त्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या भटक्या जमातीची, ओळख तिथे होते. तेराचौदा वर्षांच्या मुलांना द्यायला हरकत नाही. मात्र ती वाचत असताना तुम्हीही वाचा, विशेषतः खेळाआधीच्या रथांच्या मिरवणुकीपासून पुढे, कारण तिथे हेमिचबरोबर निवडल्या गेलेल्या छोट्या लुएलाचं जे होतं त्यावर त्यांना कुणाशी तरी बोलावंच लागेल.