सही आणि आडनाव : नोरा निवडावी की हेडा?

राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रासाठी संहिता शोधणारी हौशी मंडळी नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्याकडे वळली, की बहुधा 'अ डॉल्स हाउस' (१८७९) आणि 'हेडा गाब्लर' (१८९०) या दोन नाटकांपाशी अडते. दोन्हींत विवाहित स्त्री आहे, दोन्ही घराच्या चार भिंतींत घडतात; तेवढ्यावरून विषय एकच धरला जातो आणि निवड चुकते.

नोराचे नाटक, म्हणजे 'अ डॉल्स हाउस', एका सहीवर उभे आहे. आजारी नवऱ्याला इटलीला नेण्यासाठी तिने गुपचूप कर्ज काढले आणि जामीनदार म्हणून वडिलांची सही स्वतःच केली. वडील वारले २९ सप्टेंबरला, सहीपुढची तारीख मात्र २ ऑक्टोबर. पहिल्या अंकात कर्ज देणारा क्रोगस्टाड हा तीन दिवसांचा फरक तिच्यापुढे ठेवतो तेव्हा आवाज चढवत नाही. दिग्दर्शकानेही चढवू देऊ नये. हप्ते फेडण्यासाठी नोराने दार लावून रात्री उशिरापर्यंत नकला उतरवण्याचे काम केले आहे आणि त्या कमाईत आपण जणू पुरुषच झालो असे तिला वाटले होते. बचत गटाचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या धुळे-नंदुरबारकडच्या बायकांना हा अभिमान उलगडून सांगावा लागणार नाही.

हेडाचा प्रश्न आडनावाचा आहे. ती टेसमनची बायको झाली आहे, तरी नाटकाच्या नावात ती गाब्लरच राहते, कारण ती नवऱ्याची पत्नी असण्यापेक्षा बापाची मुलगी अधिक आहे, असे इब्सेनलाच सुचवायचे होते. तांदळात नवरीचे नवे नाव लिहिण्याची रीत पाहिलेल्या प्रेक्षकाला ही मेख लगेच कळेल. पण आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झोका बांधते, गाणी म्हणते. हेडाच्या माहेराचे उरले आहे ते जनरल बापाचे चित्र आणि त्याची पिस्तुले. पहिल्याच अंकात नवऱ्याच्या आत्याची नवी टोपी मोलकरणीची समजल्याचे सोंग करून ती जे बोलते, त्या एका वाक्यात तिचा सारा सासुरवास आहे, फक्त उलट्या बाजूने. प्रेक्षकाची सहानुभूती मागणारी अभिनेत्री ही भूमिका मारून टाकते.

म्हणून माझे मत असे, की संघात अशी कठोर, थंडपणाने खेळणारी नटी असेल तरच हेडा घ्यावी. पात्रे सातच असल्याने प्रवासखर्चही आटोक्यात राहतो, आणि हौशी संघाला ही गोष्ट लहान नसते. एरवी नोराच बरी. तिथे कथानकच प्रेक्षकाला धरून ठेवते.

मात्र नोरा घेतलीत तर शेवट मऊ करू नका. १८८० मध्ये एका जर्मन अभिनेत्रीने नोरा शेवटी नवऱ्याला आणि मुलांना सोडून जाते तो प्रसंग करायला नकार दिला, तेव्हा इब्सेनने नाइलाजाने दुसरा शेवट लिहून दिला आणि त्या बदललेल्या शेवटालाच रानटी अत्याचार म्हटले. आपल्याकडे तालमीतच कोणीतरी विचारते, "पण ती जाणार कुठे?" त्याचे उत्तर संहितेत आहे: रात्रीपुरती मैत्रिणीकडे, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या गावी. वडील आता तिथे नाहीत, हे विसरू नये.

शेवटचा दाराचा आवाज मात्र कापडी फ्लॅटचे, म्हणजे नेपथ्याच्या कापडी भिंतीचे, दार आपटून काढू नये. सगळे नेपथ्य हलते. इब्सेनने तो आवाज खालून, रस्त्याकडच्या दाराचा, सांगितला आहे. विंगेत जुन्या वाड्याचे एखादे जड सागवानी कवाड उभे करता आले, तर तेच वापरावे.