घरच्या क्रीमसाठी कोणतं इमल्सिफायिंग वॅक्स घ्यावं?

'इमल्सिफायिंग वॅक्स' म्हणजे क्रीममधलं तेल आणि पाणी एकत्र बांधून ठेवणारं मेण. या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात, आणि घरी क्रीम करणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते. दिसायला दोन्ही पांढऱ्या, मेणासारख्या. दोन्हींत बहुतांश भाग सेटोस्टेअरिल अल्कोहोलचा. (नावातल्या अल्कोहोलला घाबरू नका, हे त्वचा कोरडी करणारं नव्हे.) फरक उरलेल्या भागात आहे.

ब्रिटिश फार्माकोपियाच्या (ब्रिटनच्या अधिकृत औषध-मानक ग्रंथाच्या) जुन्या पाठात 10 टक्के सोडियम लॉरिल सल्फेट असतं, शाम्पूला फेस आणणारं तेच. तेल-पाणी ते घट्ट बांधतं, पण त्वचेवर राहिलं तर तिचा स्वतःचा स्निग्धपणाही ओढून घेतं. या वॅक्सपासून बनणाऱ्या अ‍ॅक्वियस क्रीममध्ये (कोरड्या त्वचेसाठीचं साधं पांढरं क्रीम) त्याचं प्रमाण जेमतेम 1 टक्का भरतं, तरी 2013 मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने इशारा दिला: हे क्रीम लावून ठेवलं तर काहींना, विशेषतः एक्झिमाच्या मुलांना, जळजळ होऊ शकते. शाम्पू आपण धुऊन टाकतो. क्रीम रात्रभर अंगावर असतं. म्हणून लावून ठेवायच्या क्रीमसाठी मी हे वॅक्स घेत नाही.

दुसरं सेटोमॅक्रोगॉलचं. यात 20 टक्के सेटोमॅक्रोगॉल 1000 असतं. त्यावर विद्युतभार नसल्याने ते त्वचेला सौम्य, आणि क्रीममध्ये युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड घातलं तरी सहसा टिकून राहतं. आक्षेप एकच, पण खरा: ते बनवताना 1,4-डायऑक्झेन हे कर्करोगाची शंका असलेलं रसायन अंशमात्र उरू शकतं. कारखान्यात ते निर्वात प्रक्रियेने काढता येतं, म्हणून विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागाच.

सेटोमॅक्रोगॉलच नको असेल तर ग्लिसरिल स्टेअरेट एसई (सेल्फ-इमल्सिफायिंग) हा पर्याय आहे. पण 'एसई' ही अक्षरं बघून घ्या. साधं ग्लिसरिल स्टेअरेट एकट्याने पाणी धरत नाही. एसईमध्ये थोडा साबण असतो आणि साबणाचं आम्लाशी जमत नाही. माझ्या एका घाण्यात लॅक्टिक अ‍ॅसिडचे चारच थेंब जास्त पडले. सकाळी बरणीत दूध नासावं तसं झालं होतं, तळाशी पाणी, वर रवाळ थर.

मेण-बोरॅक्सचा (बोरॅक्स म्हणजे टाकणखार) जुना कोल्ड क्रीमचा पाठ मात्र सोडून द्या. युरोपात प्रसाधनांत बोरॅक्सवर बंदी आहे.

कोरड्या त्वचेसाठी माझं मत सेटोमॅक्रोगॉललाच. लेबलवर 'सेटेअरेथ-20' लिहिलेलं असेल तर ते याच जातीचं. 100 ग्रॅम क्रीममध्ये 20 ग्रॅम तेल असेल तर 5 ग्रॅम वॅक्स पुरतं. तेल आणि पाणी दोन्ही 70 अंशांवर आणून मगच एकत्र करा, आणि प्रिझर्व्हेटिव्ह निवल्यावर, पण विसरू नका.